लूवाले डॉक्टर

एप्रिल अर्धा सरला की डॉ. चंद्रभान देवतळे यांच्या घरचा फोन वाजायला लागायचा. त्यांच्या पत्नी शोभाताई तो उचलायला जाताना आधीच म्हणायच्या, "पेपरवाले असतील." बहुतेक वेळा तेच असत. यंदा पारा किती चढेल, लोकांनी काय खावं, काय प्यावं, दुपारी बाहेर पडावं की नाही. मागल्या वर्षी जे सांगितलं आणि त्याच्या मागल्या वर्षी जे सांगितलं, तेच डॉक्टर पुन्हा सांगत. डोक्याला दुपट्टा बांधा. उपाशीपोटी निघू नका. कैरीचं पन्हं प्या. चक्कर आली तर सावलीत आडवे व्हा. सांगता सांगता जांभई आली की ते तोंडावर हात धरत, जणू पलीकडच्या माणसाला ती दिसणार होती.

"नवीन काही सांगा ना, डॉक्टरसाहेब," अशी एकदा मागणी झाली.

"ऊन नवीन आलं की सांगतो," ते म्हणाले. तेही छापून आलं, चौकटीत, फोटोसकट.

त्यांचा दवाखाना नागपूरच्या छावणी भागात होता, शहराबाहेर छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. डॉक्टर मूळचे काटोलकडचे. वडील चंपतराव अजून गावी शेती करत. घराण्यातला पहिला डॉक्टर म्हणून चंद्रभाननं दवाखाना काढला, तेव्हा तो चारचौघांसारखाच होता. खोकला, जुलाब, पोरांचे कान फुटणं, म्हाताऱ्यांचे गुडघे. आजूबाजूच्या वस्तीतली माणसं येत, ओसरीवर बसून गप्पा मारत, औषधाची बाटली घेऊन जात.

सहासष्टच्या मे महिन्यात एका लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक त्या रस्त्यावर भर दुपारी बंद पडला. उघडा ट्रक, वर ताडपत्रीसुद्धा नाही. माणसं बराच वेळ तशीच बसून राहिली, आणि मग एकेक जण कोसळायला लागला. जवळचा दवाखाना म्हणून सगळ्यांना चंद्रभानकडे आणलं. दवाखान्यात खाटा दोन. त्यानं बाकडी बाहेर काढली, फरशीवर पाणी ओतलं, सरबताच्या गाड्यावरून आणि मासळीवाल्याकडून मिळेल तेवढा बर्फ आणवला. शोभाताईंनी घरातल्या सगळ्या चादरी भिजवून दिल्या, त्यांच्या लग्नातला पलंगपोससुद्धा. संध्याकाळपर्यंत सगळं वऱ्हाड उठून बसलं होतं. नवरदेवाचा मामा तेवढा उठल्या उठल्या जेवण कुठाय म्हणून विचारायला लागला, तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली.

ती वाचून गोपाळराव दवाखान्यात आला. शाळेपासूनचा मित्र. टॉकीजमध्ये मध्यंतरात पडद्यावर ज्या जाहिराती दाखवत, त्यांच्या काचा बनवायचा त्याचा धंदा होता. साड्यांची दुकानं, दंतमंजन, सायकली.

"चंद्रभान, हे पेपरातलं लोक आठ दिवसात विसरतीन," तो खुर्ची ओढत म्हणाला. "दरवर्षी आलं पाहिजे."

"काहून? मी काय निवडणुकीले उभा राहून राहिलो काय?"

"ऐक तं खरं. सर्दी-खोकल्याचे डॉक्टर नागपुरात गल्लीगल्लीत हायेत. लूचा कोण हाय? कोणीच नाई. ह्या गावात चार महिने आग पडते आन् तिचा डॉक्टर नाई. ते जागा खाली हाय. तू जाऊन बस."

चंद्रभान हसला, पण ते त्याच्या डोक्यात राहिलं. त्यानं पुस्तकं मागवली. ऊन लागलेल्या माणसाच्या शरीरात काय काय होतं ते नीट वाचलं. तो खोटं काही करत नव्हता. जे माहीत नव्हतं ते शिकत होता. पुढल्या उन्हाळ्यात टॉकीजच्या पडद्यावर काच झळकली: लू लागली? छावणीत या. लग्नसराईत वाटायला पत्रकं छापली. रेडिओवर भाषण झालं. शाळांमध्ये, गिरणीत, बायकांच्या मंडळात व्याख्यानं झाली. गोपाळरावानं सांगून ठेवलं होतं, कोणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, आणि कुठंही गेलं की तिथल्या वार्ताहराशी दोन शब्द बोलल्याशिवाय परतायचं नाही. "तो विचारीन तेच सांगायचं," गोपाळराव म्हणायचा, "आन् लहान वाक्यात सांगायचं."

सुरुवातीची काही वर्षं छान गेली. सीताबर्डीवर अनोळखी माणसं थांबून नमस्कार करत. काटोलच्या बाजारात चंपतरावांना कोणी म्हणालं, तुमचा पोरगा पेपरात आला, तर ते पेपर मागून घेत आणि आठवडाभर खिशात ठेवत. शोभाताईंना बायका विचारत, अंगाला कांदा चोळावा की खिशात ठेवावा. त्याही उत्तर देऊ लागल्या.

मग हळूहळू दुसरीकडून काही तरी सुटत गेलं. पावसाळ्यात दवाखाना रिकामा राहू लागला. शेजारच्या पार्वतीबाई नातवाला कडेवर घेऊन दारावरून पुढे जाताना दिसल्या. डॉक्टरांनी हाक मारली, "काय झालं पोराले?"

"खोकला हाय जी."

"मग इकडे आणा ना."

पार्वतीबाई ओशाळल्या. "तुमी तं लूवाले डॉक्टर. याले साधा खोकला हाय. तुमाले काहून तरास द्या?" आणि त्या चौकातल्या नव्या डॉक्टरकडे गेल्या.

हे त्यांनी गोपाळरावाला सांगितलं, तेव्हा तो खूश झाला. "यालेच तं एक्स्पर्ट म्हणतात!"

उन्हाळ्यात मात्र श्वास घ्यायला फुरसत नसे. मे अखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की सकाळपासून रांग. त्यातले अर्धे नुसतेच घाबरलेले. डोकं दुखलं तरी लू, पोट बिघडलं तरी लू. डॉक्टर जेवायला तिसऱ्या प्रहरी घरात येत आणि ताटावर बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटत. शोभाताई कूलरमध्ये पाणी ओतत राहत. एकदाच म्हणाल्या, "तुम्ही आता कुणाला विचारत नाही, काय होतंय म्हणून. तुम्ही सांगता."

"वेळ कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले.

सत्त्याहत्तर साली नवतपा लागला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवसाची गोष्ट. एका दैनिकाचा वार्ताहर फोटोग्राफरला घेऊन सकाळीच दवाखान्यात येऊन बसला होता. उन्हाळ्याचं पान काढायचं होतं. तेवढ्यात कोराडीहून एक टेम्पो येऊन थांबला. तिथं वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. त्यावर मजुरीला असलेली सुभद्रा नावाची पंचविशीची बाई टेम्पोच्या फळीवर निजवून आणली होती. तिचा नवरा धोंडबा तिचे पाय धरून बसला होता, आणि जाऊ प्रयागबाई डोक्याशी.

"गिट्टी वाहून राहिली होती," धोंडबा म्हणाला, "आन् घमेल्यासकट पडली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. चटका बसला. शुद्ध नव्हती. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच बाकावरची दोन-तीन माणसं बोलली, "लू हाय."

बर्फ आला. ओल्या चादरी आल्या. कंपाऊंडरनं पंखा ओढून जवळ आणला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, इतकं की डॉक्टरांचे हात आपोआप फिरत होते. प्रयागबाई त्यांच्या कोपराशी येऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, इले परवापासून हुडहुडी भरून येत होती जी. एवढ्या उन्हात गोधडी घेऊन बसली होती. मी म्हटलं, नको जाऊ वं कामावर."

"हो, हो. बाजूला व्हा बाई. हवा येऊ द्या."

"डॉक्टर, जरा इकडे पाहता का?" फोटोग्राफर म्हणाला. "बर्फ हातात घ्या. हां, तसा."

डॉक्टरांनी बर्फाचा तुकडा हातात घेतला आणि तिकडे पाहिलं.

दुपार झाली. वार्ताहर आणि फोटोग्राफर निघून गेले होते. सुभद्राचा ताप थोडा उतरला, पण ती जागी होईना. डॉक्टर मधल्या वेळात इतर रोगी पाहत राहिले. मग तिच्या अंगाला झटके यायला लागले. कंपाऊंडरनं हाक मारली. डॉक्टर आले, तिच्याजवळ वाकले, आणि तेव्हा गोधडी हा शब्द त्यांना ऐकू आला. सकाळी तो कानावरून गेला होता, ते त्यांना आत्ता कळलं.

त्यांनी प्रयागबाईला जवळ बोलावलं. "सकाळी तुम्ही काय म्हणाल्या होत्या? पुन्हा सांगा. सगळं सांगा."

तिनं सांगितलं. थंडी वाजून ताप, मग घाम, मग बरं वाटणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झोपड्यांच्या मागं बांधकामाच्या पाण्याची डबकी. शेजारच्या झोपडीतले दोघं असेच पडलेले. डॉक्टरांनी सुभद्राच्या पोटावर हात ठेवून डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. प्लीहा हाताला लागली, चांगली वाढलेली. सकाळी हात ठेवला असता, तर सकाळीच लागली असती.

त्याच टेम्पोतून ते तिला मेडिकलला, मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, घेऊन गेले. रोगी तसेच बसवून ठेवले. मेडिकलमध्ये तरुण डॉक्टर होता, त्यानं त्यांना लगेच ओळखलं. "सर, तुम्ही स्वतः? लूची केस ना?"

"नाही," चंद्रभान म्हणाले. "मलेरिया आहे. मेंदूपर्यंत गेलाय. रक्त बघा, पण त्याची वाट पाहू नका, क्विनीन सुरू करा." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "मी सकाळपासून बर्फ लावत बसलो होतो."

 तरुण डॉक्टर सलाईनच्या स्टँडकडे वळला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. हातात बर्फ, खाली सुभद्रा, मागं पंखा. मजूर महिलेला लूच्या तावडीतून सोडवणारे डॉ. देवतळे. शोभाताईंनी चहाबरोबर पेपर आणून ठेवला. त्यांना आदल्या दिवशीचं सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी पाहिलं, घडी घातली आणि पेपरच्या ऑफिसला फोन लावला. उपसंपादकानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाई गेली का?"

"नाही. आहे. अजून शुद्धीवर नाही."

"मग साहेब, याची दुरुस्ती कशी छापायची? लोक घाबरतील. नवतपा चालू आहे. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे."

डॉक्टर चप्पल घालून गोपाळरावाच्या दुकानात गेले. तो काचेवर अक्षरं काढत बसला होता. आता त्यालाही चष्मा लागला होता, आणि टॉकीजवाले त्याच्याकडून पूर्वीसारख्या काचा घेत नव्हते.

"गोपाळ, माही काच काढून टाक. सगळ्या टॉकीजमधून."

"काहून गा?"

चंद्रभाननं सांगितलं. गोपाळराव ऐकताना ब्रश पाण्यात हलवत राहिला.

"पण बाई जिती हाय ना?"

"हाय. मी आडवा येऊनही हाय."

"अरे, डॉक्टर चुकत नाई काय? दुसऱ्याकडून नसती झाली काय चूक?"

"दुसऱ्याकडे ते लू म्हणून गेलेच नसते. आन् दुसऱ्यानं विचारलं असतं, काय होते म्हणून. माह्याकडे येणारा आधीच ठरवून येते, आन् मीही ठरवूनच बसलो असतो." ते स्टुलावर बसले. "थकलो मी, गोपाळ. लू म्हणून म्हणून थकलो."

गोपाळरावानं ब्रश बाहेर काढून फडक्याला पुसला. मग म्हणाला, "मी तुह्यं भलंच केलं असं वाटत होतं मले."

"तू केलं ते मले पाहिजेच होतं. तुह्यावर काई नाई."

गोपाळरावानं त्याच आठवड्यात काचा परत मागवल्या. एका टॉकीजनं दिली नाही. त्यांच्याकडं मध्यंतर भरायला दुसरं काही नव्हतं.

सुभद्रा वाचली. बरेच दिवस मेडिकलला होती. डॉक्टर मधून मधून जाऊन खाटेशी उभे राहत, आणि तिथला कोणी ना कोणी म्हणे, सर, तुम्ही किती करता रोग्यांसाठी. ते ऐकवेना म्हणून मग त्यांनी जाणं कमी केलं. पावसाळा लागल्यावर एका रविवारी ते कोराडीची बस धरून गेले. मजुरांच्या झोपड्या रस्त्यापासून आत होत्या. पावसानंही धुतली न गेलेली राख पत्र्यांवर चिकटून बसली होती. ट्रक जात तेव्हा सगळी वस्ती हादरे.

सुभद्रा दारात बसून तांदूळ निवडत होती. डॉक्टरांना पाहून ती उठली, भिंत धरून. दोन पावलं टाकायला तिला वेळ लागला. बोलतानाही शब्द सापडेपर्यंत ती थांबत होती. डोक्यावर घमेलं घ्यायचं काम आता तिच्याच्यानं होणार नव्हतं, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

धोंडबानं बाज टाकली, चहा सांगितला. "पेपर ठेवला जी आमी," तो म्हणाला. "तुमच्यामुळे घरात हाय ती."

"धोंडबा, तसं नाही. मले सकाळीच कळायले पाहिजे होतं. लवकर औषध मिळालं असतं तर ती चांगली चालली असती."

धोंडबा हसला. मोठी माणसं असं बोलतात, असं त्याला वाटलं. "नाई जी, नाई. तुमी टेम्पोत सोबत आले. कोण येते?"

डॉक्टरांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. शब्द बदलून पाहिले. धोंडबा मान हलवत राहिला आणि चहा कुठं राहिला म्हणून पाहायला गेला.

प्रयागबाई चुलीजवळ बसली होती. तिनं इकडे न पाहता म्हटलं, "मी सांगतलं होतं जी तुमाले."

"हो."

"सकाळीच सांगतलं. तुमी म्हटलं, बाजूले व्हा."

"हो," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं चुलीत काडी सारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तरी खरं बोललं होतं, आणि डॉक्टरांना एकदम बसल्या जागी झोप यावी तसं वाटलं. ते तिथंच बाजेवर हात टेकून बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "ते शेजारचे दोघं कसे हायेत?"

"एक गेला जी," प्रयागबाई म्हणाली. "एक हाय."

"दाखवा मले."

तिनं दाखवला. त्यांनी त्याला तपासलं. जवळ काही नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन पुन्हा आले. तेव्हा आणखी दोन झोपड्यांतून तापाची माणसं निघाली.

पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये फोन वाजला. शोभाताई रिसीव्हर पुढे करत होत्या. डॉक्टर म्हणाले, "सांग, मी आता लूवर बोलत नाही."

"काय कारण सांगू?"

"काहीच सांगू नको."

दोन-तीन वर्षांत फोन थांबला. पेपराला धंतोलीतला एक उमदा डॉक्टर मिळाला, तो दरवर्षी नवीन काही तरी सांगायचा. दवाखाना मात्र भरला नाही. उन्हाळ्यात जुन्या ओळखीनं माणसं अजून येत, लूवाले डॉक्टर कुठं बसतात म्हणून विचारत. डॉक्टर त्यांना बसवून सगळं सुरुवातीपासून विचारत, आणि काहींना ते आवडत नसे. एवढं काय विचारता जी, बर्फ लावा, असं एकानं तोंडावर सांगितलं. गावी चंपतरावांनी विचारलं, पेपरात येत नाहीस आता? चंद्रभान म्हणाले, नाही येत.  चंपतरावांचा चेहरा उतरला, आणि ते पाहून बाकी काही नाही तरी त्या गोष्टीचं डॉक्टरांना वाईट वाटलं.

शोभाताईंनी एका शाळेत शिवणाचे तास घ्यायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर त्या म्हणत, घरी बसून कंटाळा येतो.

एकोणऐंशी साली वीज केंद्राच्या वसाहतीतल्या लहान दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बसायला डॉक्टर हवा होता. डॉक्टरांनी होकार दिला. बसनं जायचं, बसनं यायचं. टेबल, एक खुर्ची, भिंतीवर काही नाही. पहिल्याच दिवशी एक म्हातारी आत आली, पदरानं चेहऱ्यावरची राख पुसत. तिनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं.

"तुमी नवे आले काय जी?"

"हो," चंद्रभान म्हणाले. "बसा. काय होते?"

तिला पुष्कळ काही होत होतं. गुडघे, पाठ, सून, झोप न येणं. ते सगळं सांगायला तिला बराच वेळ लागला. बाहेर माणसं ताटकळली होती, पंखा बंद पडलेला होता. डॉक्टरांनी घाम पुसला आणि ते ऐकत राहिले.